विश्लेषण : शाळा संपताच धर्मप्रचारासाठी परदेशी! मॉर्मन तरुण-तरुणी हा निर्णय कसा घेतात?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहून आलेल्या अनेक मराठी आई-बाबांना हे दृश्य ओळखीचे असेल. भर दुपारी दाराची बेल वाजते. दारात पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी अशा वेशातली दोन मुले उभी असतात. वय जेमतेम एकोणीस-वीस, पण नावपट्टीवर ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारे! ती अदबीने बोलतात, एक पुस्तक पुढे करतात, घरात काही उचला-ठेवायचे काम असेल तर करून देतो म्हणतात. आपण सवयीने चहा विचारला तर मात्र हसून ‘नको’ म्हणतात, कारण त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य आहे.

ही मुले ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे मिशनरी असतात. जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखते. २०१८ पासून चर्चचा आग्रह मात्र पूर्ण नावाचा आहे. या चर्चने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिशनवर जाणाऱ्या मुलींसाठीची किमान वयाची अट १९ वरून १८ वर्षांवर आणली. मुलांसाठी ती २०१२ पासूनच १८ आहे. वरवर पाहता हा एका वर्षाचा किरकोळ बदल. परंतु घरदार, शिक्षण, मैत्री सोडून अनोळखी देशात धर्म सांगत फिरायचे की नाही, हा निर्णय माणूस कोणत्या वयात आणि कुणाच्या सावलीत घेतो, हे या एका वर्षाने बदलते.

नेमके काय बदलले?

२०१२ पूर्वी नियम असा होता की मुलगे १९व्या वर्षी आणि मुली २१व्या वर्षी मिशनवर जाऊ शकत. मुलांचा कालावधी २४ महिने, मुलींचा १८. ऑक्टोबर २०१२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी वय अनुक्रमे १८ आणि १९ केले. त्याचा परिणाम चर्चच्याही अपेक्षेपलीकडचा होता. आठवड्याला सुमारे ७०० अर्ज येत, ते काही दिवसांत चार हजारांवर गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक अर्ज मुलींचे होते. २०१२ अखेर सुमारे ५९ हजार असलेली मिशनऱ्यांची संख्या वर्षभरात ८३ हजारांवर पोहोचली.

मुली एवढ्या मोठ्या संख्येने का आल्या, याचे उत्तर जुन्या २१ या आकड्यात आहे. युटामधील मॉर्मन समाजात लग्ने लवकर होतात. एकविसाव्या वर्षापर्यंत अनेकींचे लग्न ठरलेले असे किंवा झालेले असे. साहजिकच ‘जिचे जमले नाही ती मिशनवर गेली’ अशी कुजबुज होई. वय १९ झाल्यावर मिशन हा लग्नाला पर्याय राहिला नाही, तो लग्नाआधीचा टप्पा झाला. आता १८ झाल्यावर तो बारावीनंतरचाच टप्पा झाला आहे. मुलींचा कालावधी मात्र अजूनही १८ महिनेच आहे.

ही सक्ती असते का?

कागदोपत्री अजिबात नाही. पण इथे मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी दोन वेगळ्या भाषा वापरल्या जातात. मुलांबाबत चर्च सांगते की, मिशन ही त्यांची धार्मिक जबाबदारी आहे. १९७४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक पात्र तरुणाने मिशनवर जावे, असे स्पष्टच सांगितले आणि ते आजही उद्धृत केले जाते. मुलींबाबत भाषा वेगळी आहे. त्यांची इच्छा असेल तर स्वागत, पण कर्तव्य नाही.

त्यामुळे मुलगी ‘जाणार’ म्हणाली तर कौतुक होते आणि ‘नाही’ म्हणाली तर फारसे कुणी विचारत नाही. मुलाचे उलट असते. त्याने ‘जाणार’ म्हटले तर त्यात काय विशेष, आणि ‘नाही’ म्हटले की प्रश्न सुरू होतात. कळत्या वयापासून त्याच्या पिग्गी बँकेत मिशनसाठी पैसे साठवले जात असतात. आजोबा कुठे गेले होते, बाबा कुठे, मोठा भाऊ कुठे, हे घरातल्या भिंतीवरच्या फोटोंवरून त्याला पाठ असते. मुलाखत घेणारा बिशप हा कुणी पगारी पुरोहित नसतो. तो शेजारचाच, आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून काही वर्षांसाठी हे काम करणारा गृहस्थ असतो. बरेचदा तो मित्राचा बाप असतो. अशा माणसासमोर बसून ‘माझा विश्वास तेवढा पक्का नाही’ म्हणणे किती अवघड असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कुणालाही करता येईल. नात्यागोत्यांच्या गावात नकार हा कधीच एकट्या माणसाचा नसतो.

चर्चची स्वतःची मांडणी अशी की, निर्णय कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, प्रार्थना करावी आणि उत्तर मनात उमटते का ते पाहावे. अनेकांना ते खरोखर उमटते, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, अठराव्या वर्षी आई-वडिलांच्याच घरात राहत असताना आतला आवाज आणि घरातला आवाज वेगळे ओळखता येतात का? पूर्वी १९ची अट असताना मुलाला बाहेर पडून कॉलेजचे एक वर्ष मिळत असे. काही जण तिथेच विचार बदलत, काही जण पक्के होत. चर्चच्या दृष्टीने वय कमी करण्याचा फायदा उघड आहे. शिक्षणात खंड पडत नाही आणि शाळा सुटल्यावर वाट चुकण्याची शक्यता घटते. पण ज्याला चर्च वाट चुकणे म्हणते, त्यातच विचार करायला मिळालेला वेळही येतो.

जायचे ठरले, पण कुठे हे कोण ठरवते?

इथे या निर्णयाचे सर्वांत वेगळे अंग आहे. जायचे की नाही हे तरुणाने ठरवायचे. कुठे जायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नाही, आपली पसंतीही तो कळवू शकत नाही. अर्ज ऑनलाइन भरला जातो. डॉक्टर आणि दंतवैद्य यांचे अहवाल जोडावे लागतात. स्थानिक बिशप आणि त्याच्यावरचा ‘स्टेक प्रेसिडेंट’ अशा दोन मुलाखती होतात. मुलाखतीतले प्रश्न चर्चने २०१७ मध्ये जाहीर केले. श्रद्धा आणि आचरण यांच्याबरोबरच कायद्याच्या कचाट्यात कधी सापडला होता का, काही शारीरिक किंवा मानसिक त्रास आहे का, वाचनात अडचण येते का, असेही विचारले जाते.

मग कागद सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयात जातात. चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वात १२ ‘अपॉसल’ असतात. त्यांपैकी एक जण पडद्यावर अर्जदाराचा फोटो आणि माहिती पाहतो, कोणत्या मिशनला किती माणसांची गरज आहे ते पाहतो आणि नेमणूक करतो. ती दैवी प्रेरणेने होते, अशी श्रद्धा आहे. २०२४च्या अखेरीस जगभरात अशी ४५० मिशन होती.

नेमणुकीचे पत्र पूर्वी पांढऱ्या मोठ्या लिफाफ्यातून टपालाने येई. २०१८ पासून ते ऑनलाइन येते. तरी सोहळा तोच. आजी-आजोबा, मित्र, शेजारी दिवाणखान्यात जमतात, भिंतीवर जगाचा नकाशा टांगतात, जो तो आपला अंदाज टाचणीने टोचतो आणि मग तो मुलगा किंवा मुलगी पत्र मोठ्याने वाचते. ब्राझील निघाले तर टाळ्या, जपान निघाले तर टाळ्या. शेजारच्याच राज्यातले आयडाहो निघाले तर क्षणभर शांतता आणि मग थोड्या जास्तच टाळ्या. ‘द बुक ऑफ मॉर्मन’ या २०११च्या गाजलेल्या ब्रॉडवे संगीतिकेचा विनोदही यावरच उभा आहे. तिच्या नायकाला ऑर्लँडोला जायचे असते आणि त्याच्या वाट्याला युगांडा येते.

पत्र वाचून झाल्यावर ‘मला मान्य आहे’ असे लेखी कळवावे लागते. एवढ्या लोकांसमोर वाचलेले पत्र नंतर नाकारणारे विरळाच.

जुन्या काळाशी तुलना केली तर ही पद्धत फारच उदार वाटेल. ऑगस्ट १८५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या एका विशेष परिषदेत व्यासपीठावरून शंभराहून अधिक नावे वाचून दाखवली गेली. कुणाला इंग्लंड, कुणाला दक्षिण आफ्रिका, कुणाला हिंदुस्थान, कुणाला सयाम. आपण निघालो आहोत, हे अनेकांना त्या सभेतच कळले. बायको-मुले, शेती, अर्धवट बांधलेले घर, सारे मागे टाकून ते महिनाभरात निघालेसुद्धा.

खर्च कोण करतो?

मिशनऱ्याला पगार नाही. उलट तोच पैसे भरतो. अमेरिका, कॅनडासारख्या देशांतल्या मिशनऱ्यासाठी महिन्याला ५०० डॉलर, म्हणजे ४० हजार रुपयांहून अधिक. जुलै २०२० पूर्वी हा आकडा ४०० होता. टोकियोत असा की ग्वाटेमालात, रक्कम तीच. १९९१ पूर्वी ज्याला जिथे पाठवले तिथला खर्च त्याचा असे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या एका घरावर स्वस्त देश आणि दुसऱ्यावर महागडा देश येई. ती विषमता सरसकट रकमेमुळे संपली. २४ महिन्यांचे १२ हजार डॉलर होतात, मुलीच्या १८ महिन्यांचे ९ हजार. गरीब देशांतल्या तरुणांना चर्चच्या निधीतून मदत मिळते. पण मध्यमवर्गीय अमेरिकी घरात एकामागोमाग तीन-चार मुले मिशनच्या वयात आली तर आई-वडिलांचा हिशोब सोपा राहत नाही. मोठे कुटुंब हे या समाजाचे वैशिष्ट्यच आहे.

दोन वर्षे काय सोडावे लागते?

सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला झोपायचे. सदैव एका ‘सोबत्या’बरोबर राहायचे. हा सोबती चर्च ठरवते आणि काही आठवड्यांनी बदलते. एकट्याने बाहेर पडायचे नाही. प्रेमप्रकरण नाही, चित्रपट नाही. आठवड्यातला एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट आणि पत्रांसाठी. आई-वडिलांशी फोनवर बोलण्याची मुभा वर्षातून दोनदाच असे, नाताळ आणि मातृदिन. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती आठवड्यातून एकदा अशी झाली. वय कमी करण्यापेक्षा हा बदल कितीतरी माणुसकीचा होता, असे म्हणावेसे वाटते. मिशनमधले नियम अलीकडे आणखी सैलावले आहेत. मुलींना २०१८ च्या अखेरीस पँट घालण्याची परवानगी मिळाली, काही ठिकाणी टायही सक्तीचा राहिलेला नाही. दारोदार फिरण्याइतकाच वेळ आता स्मार्टफोनवर समाजमाध्यमांतून लोक शोधण्यात जातो.

परदेशी भाषा शिकायची असेल तर प्रस्थानापूर्वी प्रशिक्षण केंद्रात सहा ते नऊ आठवडे. युटातल्या प्रोव्हो येथील केंद्रात ५०हून अधिक भाषा शिकवल्या जातात. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला व्याकरण येते, धर्मावर बोलता येते. पण रस्त्यावर भाजी विकत घेताना त्याची भंबेरी उडते. ती भाषा तो पुढे शिकतो ती नकारांतून. दार बंद होण्याआधीच्या दहा सेकंदांत काय बोलायचे, हे शिकता शिकता.

आणि फळ काय? २०२४ मध्ये सुमारे ७४ हजार मिशनरी कामावर होते आणि त्या वर्षी तीन लाख आठ हजार नव्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला. सरासरी काढली तर एका मिशनऱ्यामागे वर्षाला चार. पण सरासरी फसवी असते. आफ्रिका, लॅटिन अमेरिका, फिलिपिन्समध्ये संख्या मोठी असते, पश्चिम युरोपात बंद दारांचाच अनुभव अधिक. म्हणून अभ्यासक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. मिशनमधून सर्वांत पक्का धर्मांतरित होतो तो स्वतः मिशनरी. अठरा-एकोणीसच्या वयात दररोज दहा तास आपला धर्म परक्यांना समजावून सांगणाऱ्याला तो सोडणे पुढे जड जाते. चर्चलाही हे ठाऊक असणारच.

जोखीम किती?

मिट रॉम्नी यांचे उदाहरण बोलके आहे. पुढे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर आणि २०१२चे रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झालेले रॉम्नी १९६६ मध्ये, स्टॅनफर्डमधले एक वर्ष संपवून, मिशनरी म्हणून फ्रान्सला गेले. जून १९६८ मध्ये ते चालवत असलेल्या मोटारीला दक्षिण फ्रान्समध्ये समोरून येणाऱ्या गाडीने धडक दिली. त्यांच्या मिशनप्रमुखांच्या पत्नी अपघातात दगावल्या. रॉम्नी गंभीर जखमी झाले. चूक त्यांची नव्हती. एकविशीच्या त्या तरुणाने सावरून मिशनचा उरलेला काळ पुरा केला.

रॉम्नींच्या मिशनची आणखी एक बाजू आहे. तेव्हा व्हिएतनाम युद्ध सुरू होते आणि मिशनऱ्याला धर्मसेवक म्हणून सक्तीच्या लष्करभरतीतून मुदत मिळे. त्यामुळे मिशनवर जाण्याचा निर्णय हा युद्धावर न जाण्याचाही निर्णय ठरे. टीका झाल्यावर प्रत्येक ‘वॉर्डा’तून, म्हणजे स्थानिक मंडळीतून, वर्षाला दोनच तरुण पाठवण्याची मर्यादा आली. ज्यांना ती जागा मिळाली नाही त्यांच्या घरी काय वातावरण असेल, हे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही.

अलीकडच्या काळात मार्च २०१६ मधील ब्रसेल्स विमानतळावरच्या बॉम्बस्फोटांत चार मॉर्मन मिशनरी जखमी झाले. त्याच वर्षी रशियाने धर्मप्रचारावर कडक निर्बंध घालणारा कायदा केला. चर्चने तिथल्या तरुणांना ‘मिशनरी’ऐवजी ‘स्वयंसेवक’ म्हणायला सुरुवात केली. तरीही २०१९ मध्ये नोव्होरोसिस्क शहरात दोन अमेरिकी तरुणांना ताब्यात घेऊन काही आठवड्यांनी परत पाठवण्यात आले. जागा आपण निवडलेली नसते, त्यामुळे ही जोखीमही निवडलेली नसते.

मध्येच परत आले तर?

या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट हीच. आजारपण, नैराश्य, नियमभंग किंवा विश्वासच डळमळणे, अशा कारणांनी काही जण मुदतीआधी घरी येतात. विमानतळावर झेंडे, फुगे, फलक घेऊन उभे असलेले नातेवाईक हे मिशन संपवून येणाऱ्यांसाठी असतात. लवकर येणारा बहुतेकदा आई-वडिलांच्या गाडीत गुपचूप बसतो. रविवारी चर्चमध्ये गेल्यावर लोक प्रेमानेच विचारतात, ‘अरे, तू इथे कसा?’ युटा व्हॅली विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने अशा तरुणांची पाहणी केली. आपण अपयशी ठरलो, ही भावना बहुतेकांनी बोलून दाखवली. ज्यांना वैद्यकीय कारणाने परतावे लागले होते, तेही या भावनेतून सुटले नव्हते.

चर्चने याची दखल घेतली आहे. प्रकृतीमुळे दूर जाणे शक्य नसलेल्यांसाठी घरी राहून रुग्णालयात किंवा अन्नछत्रात काम करण्याचे ‘सेवा मिशन’ आता तितक्याच औपचारिकपणे दिले जाते, त्याचेही पत्र येते. पण नकाशावर टाचणी टोचणाऱ्या नातेवाइकांना ते ‘खरे’ मिशन वाटायला अजून वेळ लागेल.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

थेट आणि जुना. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचे स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरले. तिथे विरोध झाल्यावर ते पुण्याला आले. छावणीतल्या गोऱ्या सैनिकांत थोडेफार अनुयायी मिळवले, मराठी शिकायलाही सुरुवात केली. लष्करी अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. त्यातच सॉल्ट लेक सिटीच्या त्याच १८५२च्या परिषदेत चर्चने बहुपत्नीत्व जाहीरपणे मान्य केल्याची बातमी इकडे पोहोचली आणि उरलीसुरली दारेही बंद झाली. (पुढे १८९० मध्ये चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर केले.) काही वर्षांतच हिंदुस्थानातले हे मिशन गुंडाळले गेले.

मुलींच्या निर्णयाचा विषय निघाला की, मराठी वाचकाला दुसरे नाव आठवावे ते मिस फरार यांचे. सिंथिया फरार मॉर्मन नव्हत्या. त्या अमेरिकन मराठी मिशन या वेगळ्या प्रोटेस्टंट संस्थेच्या. न्यू हॅम्पशायरमधल्या या शिक्षिका १८२७ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, अविवाहित असताना मुंबईत आल्या. अविवाहित अमेरिकी स्त्रीला समुद्रापार धर्मकार्यासाठी पाठवण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. त्यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुले प्रभावित झाले आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी नगरला फरार बाईंकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. धर्मप्रचारासाठी घेतलेल्या एका निर्णयातून धर्मांतरापेक्षा शिक्षणच अधिक निपजले, याचे एवढे ठळक उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

फरार बाईंच्या पिढीसाठी ‘जाते’ याचा अर्थ ‘परत येणार नाही’ असाच बहुधा असे. त्या १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्याच संस्थेचे गॉर्डन हॉल कनेक्टिकटमधील धर्मगुरूची नोकरी नाकारून १८१३ मध्ये मुंबईत आले होते. ते १८२६ मध्ये नाशिकजवळ प्रवासात पटकीने गेले. तेव्हा निर्णय आयुष्याचा असे. आज तो २४ किंवा १८ महिन्यांचा असतो आणि परतीची तारीख आधीच माहीत असते.

मॉर्मन चर्च स्वातंत्र्योत्तर काळात भारतात परतले. १९९३ पासून बंगळूरुत आणि २००७ पासून नवी दिल्लीत त्यांचे मिशन आहे. बंगळूरुत मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली.

भारतात येणाऱ्या मिशनऱ्याला कायदा काय सांगतो?

परदेशी नागरिकाला धर्मकार्यासाठी यायचे तर ‘मिशनरी व्हिसा’ हा स्वतंत्र प्रकार आहे. पर्यटन व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक तरतूद आहे. मार्च २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकालाही भारतात मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. म्हणजे न्यू जर्सीत वाढलेला आणि तिथे एखाद्या पंथात गेलेला मराठी तरुण आजोळी आला, तर कार्ड खिशात आहे म्हणून त्याला इथे प्रचार करता येणार नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. ओडिशा (१९६७) आणि मध्य प्रदेश (१९६८) यांच्यापासून सुरू झालेले धर्मांतरविषयक कायदे आज अनेक राज्यांत आहेत. व्हिसा रखडलेल्या मिशनऱ्यांना चर्च तोवर मायदेशातच दुसरीकडे कामाला लावते. त्यामुळे दिवाणखान्यात टाळ्यांच्या गजरात वाचलेला देश प्रत्यक्षात दिसायला काही महिनेही लागू शकतात.

परतल्यावर काय होते?

परतल्याच्या दिवशी, बहुतेकदा त्याच रात्री, मिशनरी आपल्या स्टेक प्रेसिडेंटला भेटतो. ते त्याला सेवेतून औपचारिकपणे मुक्त करतात आणि मग तो नावपट्टी काढतो. ‘एल्डर’ किंवा ‘सिस्टर’ जाऊन पुन्हा घरचे नाव लागू होते. सोबत्याचा नियमही त्या क्षणी संपतो. दोन वर्षांत एकदाही खोलीत एकटा न झोपलेला मुलगा त्या रात्री आपल्या जुन्या खोलीत एकटाच असतो. झोप लागली नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात.